सॉल्व्हंटचं वेसल धुताना आग लागू नये म्हणून

भांडुपच्या एका कारखान्यात मी ३१ वर्षं शिफ्ट केली. तिथल्या ५००० लिटरच्या ग्लासलाइन्ड (आतून काचेचं अस्तर असलेल्या) रिॲक्टर वेसलने एकदा माझ्या भुवया जाळल्या. माल काढून झाला होता, लॉगबुकात मीच ‘वेसल रिकामं’ असं लिहिलं होतं. हेल्परने वॉशचं टोल्यूईन (हे सॉल्व्हंट, म्हणजे माल विरघळवणारं द्रव) प्लॅस्टिकच्या कारबॉयमधून, म्हणजे मोठ्या कॅनमधून, उघड्या मॅनहोलमधून, वरून ओतायला घेतलं. ओतताना साठलेल्या स्टॅटिकची, म्हणजे घर्षणाच्या विजेची, ठिणगी पडली; फट्कन आवाज आला आणि तोंडावर जाळ. हेल्पर बाजूला उभा होता म्हणून वाचला; मी वाकून बघत होतो.

आता त्या ‘रिकाम्या’चा हिशेब बघा. हवेत टोल्यूईनची वाफ साधारण १.२ टक्के झाली की पेटू शकते, ७ टक्क्यांपर्यंत. ५००० लिटरच्या वेसलात तेवढी वाफ व्हायला पाव लिटर टोल्यूईन पुरतं. एवढं तर बॉटम व्हॉल्व्हच्या वरच राहतं. शिवाय आपल्या मुंबईच्या ३० अंशांत, तळाशी थोडं टोल्यूईन असलं की बंद वेसलातली वाफ ४-५ टक्क्यांवर येऊन थांबते, म्हणजे ऐन पेटायच्या पट्ट्यात.

पाण्याने किंवा कॉस्टिक सोड्याने काम होत असेल तर सॉल्व्हंटला हातच लावू नका. सॉल्व्हंट लागणारच असेल तर मॅनहोल बंद ठेवा, आधी नायट्रोजन मारून ऑक्सिजन खाली आणा, आणि सॉल्व्हंट लाइनमधून, तळापर्यंत गेलेल्या डिप पाइपने, सावकाश सोडा. पाइपचं तोंड बुडेपर्यंत वेग सेकंदाला १ मीटरच्या आत. ड्रम पत्र्याचा हवा, आणि ड्रम, पंप, वेसल यांना जंपरचे (एकमेकांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या वायरचे) क्लिप रंग खरवडून धातूवर लावा. रंगावर लावलेला क्लिप नुसता शोभेचा. ग्लासलाइन्डमध्ये एक गोम आहे: बाहेरून अर्थिंग चोख असलं तरी काचेमुळे आतल्या लिक्विडचा चार्ज चटकन उतरत नाही. म्हणून वॉशनंतर लगेच सॅम्पल काढायला जाऊ नका, थोडा वेळ जाऊ द्या.

‘पावसाळ्यात स्टॅटिक नसतं’ हे मी मॅनेजरांच्या तोंडूनही ऐकलंय. बाहेर धो धो पाऊस असला तरी पाइपातून वाहणाऱ्या टोल्यूईनला त्याचं काय? स्टीमचा किंवा पाण्याचा जेटही चार्ज तयार करतो. डिसेंबर १९६९ मध्ये तीन मोठ्या तेलवाहू जहाजांच्या टाक्यांत धुलाई चालू असताना स्फोट झाले, ते याच कारणाने झाले असं पुढे मानलं गेलं. सॉल्व्हंटची वाफ असताना जेटिंग नको.

माणूस आत जाणार असेल तर व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही. प्रत्येक लाइनला ब्लाइंड (लाइन पुरती बंद करणारी चकती) टाका, ॲजिटेटरचा (आतल्या ढवळणीचा) फ्यूज काढून कुलूप लावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. सॉल्व्हंटची वाफ नायट्रोजननेच पुरती हाकला आणि मगच ब्लोअरने हवा भरा. वाफ दाट असताना हवा घातलीत तर ती पुन्हा त्याच पट्ट्यातून जाते.

आणि मीटर. एलईएल म्हणजे वाफ पेटू शकते ती हवेतली किमान मात्रा. नेहमीच्या एलईएल मीटरचा सेन्सर वाफ जाळून मोजतो, त्याला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजन भरलेल्या वेसलात तो फसवा, कमी आकडा दाखवतो, आणि लोक खुशाल मॅनहोल उघडतात. तिथे इन्फ्रारेडचा मीटर वापरा. हवा भरल्यावर आधी ऑक्सिजन बघा, १९.५ ते २३.५ टक्क्यांत हवा, मगच एलईएल. वर, मध्ये, तळाशी तिन्हीकडे मोजा, कारण टोल्यूईनची वाफ हवेच्या तिप्पट जड. पुस्तकं एलईएलच्या १० टक्क्यांखाली चालेल म्हणतात. मी शून्य आल्याशिवाय सही करत नसे. त्यावरून माझी भांडणंही झाली.

आतला दिवा फ्लेमप्रूफ आणि २४ व्होल्टच्या आतला. मोबाइल बाहेर, टेरिकॉटचा शर्ट बाहेर. गाळ खरवडला की दबलेली वाफ पुन्हा सुटते, म्हणून ब्लोअर चालू आणि मीटर आतल्या माणसाच्या छातीला. मॅनहोलपाशी उभा राहणारा चहाला जाणार असेल तर आतला आधी बाहेर.

सॉल्व्हंटच्या चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. हायड्रोजनेशनचं (मालाशी हायड्रोजन जोडण्याचं) वेसल असेल तर गाळातला रॅनी निकेल (निकेलचा बारीक भुकटीतला कॅटॅलिस्ट) पाण्याखालीच ठेवा. सुकला की काडी न लावता पेटतो. आमच्याकडे एकदा तो फिल्टरच्या कापडात राहिला होता. दुपारी कचऱ्याच्या ड्रममधून धूर निघाला तेव्हा कळलं.