अहाबाची मोहोर कुणाच्या हातात आहे, ते आधी बघा

उपासना सुटली की चपलांपाशी कुणीतरी मला गाठतं आणि आवाज खाली आणून म्हणतं, "सिस्टर, आमच्या मंडळीत ईजबेल शिरलीय. काय करायचं?" ईजबेल म्हणजे बायबलमधली इस्राएलचा राजा अहाब याची राणी; सगळं आपल्या मुठीत ठेवू बघणाऱ्या बाईला आमच्यात हे नाव ठेवतात.

मी काही पाळकबाई नाही. बडोद्यात एकतीस वर्षं वॉर्डात नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. माहेर नगरकडचं. फत्तेगंजच्या बाजूला आमची लहानशी मराठी ख्रिस्ती मंडळी भरते. सकाळी हॉल गुजराती उपासनेला असतो, आम्हाला मिळतो दुपारी चारला, पत्रे तापून पंखे गरम हवा ओतत असतात तेव्हा. त्या मंडळीची मी सहा वर्षं खजिनदार होते. त्या सहा वर्षांत जे शिकले, त्यातलं बरंचसं स्वतःच्या चुकीतून, ते इथे सांगते.

आधी तो शब्द कपाटात बंद करा

"ईजबेल" हा शब्द कुणालाही लावू नका, मनातल्या मनातसुद्धा नको. बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात थुवतीराच्या मंडळीला तो शब्द प्रभूने स्वतः वापरला. तोही एका ठरावीक बाईसाठी, तिने काय शिकवलं ते स्पष्ट सांगून, आणि तिला पश्चात्तापाला वेळ दिल्यानंतर. आपल्याकडे मात्र पंचांच्या सभेत जी बाई हिशेब विचारते, तिच्या गळ्यात हा शब्द पडतो. माझ्या गळ्यात दोनदा पडलाय. ज्याच्या हातात खरोखर सगळ्या दोऱ्या असतात तो बहुतेक वेळा मऊ बोलणारा, प्रार्थना सुंदर करणारा पुरुष असतो. त्याला कुणी काही म्हणत नाही.

शब्दाऐवजी गोष्ट वाचा. १ राजे, अध्याय २१. वाचताना पेन्सिल हातात ठेवा आणि राजाला आपला द्राक्षमळा द्यायला नकार देणाऱ्या नाबोथाच्या मरणाला कुणाकुणाचे हात लागले ते मोजा. अहाब तोंड फिरवून पडलाय, जेवत नाही. ईजबेल पत्रं लिहिते, पण अहाबाच्या नावाने, आणि वर मोहोर अहाबाचीच. पत्रं जातात नाबोथाच्याच गावच्या वडीलधाऱ्यांना. त्यात आज्ञा काय, तर उपास जाहीर करा! धोंडमार करायचा आहे आणि सुरुवात उपासाने. मग दोन खोटे साक्षीदार, मग गाव. त्या गावातला एकही वडील इज्रेलहून शोमरोनापर्यंत जाऊन "महाराज, हे पत्र आपणच लिहिलंत ना?" असं विचारत नाही.

म्हणून "ईजबेल कोण?" हा प्रश्न सोडा. तीन साधे प्रश्न धरा: मोहोर कुणाची, ती वापरतंय कोण, आणि पत्र मिळाल्यावर न विचारता मान हलवतंय कोण.

मग आपली मोहोर काढून घ्या

हे लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. आमच्याकडे एक वडीलधारे होते, सगळे त्यांना काका म्हणत. हॉलच्या पत्र्यांचे पैसे त्यांनी दिले होते. मंडळीच्या खात्यावर दोन सह्या लागत, त्यांची आणि माझी. महिन्याच्या सुरुवातीला ते चेकबुक घेऊन आमच्या क्वार्टरवर यायचे. "सिस्टर, तुमच्या नाइट ड्युट्या, उगाच धावपळ. दहा चेकवर सह्या करून ठेवा." मी करायचे. चहा ठेवायचे, आणि कोऱ्या चेकवर सह्या करायचे. दोन वर्षं.

मग संडे स्कूल घेणाऱ्या एका तरुणाचं मानधन अचानक थांबलं. त्याने काकांना काहीतरी उलट विचारलं होतं. इतिवृत्तात लिहिलं होतं, "खजिनदारांच्या संमतीने." मी घरी येऊन जुना ड्युटीचा तक्ता काढला. त्या तारखेला, त्या वेळी, मी वॉर्डात होते. संमती दिली ती माझ्या कोऱ्या सहीने.

त्या रात्री अहाब कोण ते मला कळलं.

तेव्हा धैर्याचं पहिलं काम तोंडाचं नाही, हाताचं आहे. तुमची सही, तुमचं नाव, तुमचा होकार कुणाच्या खिशात पडून आहे ते शोधा. कोरे चेक असतील तर त्यांचे नंबर काढून बँकेला पेमेंट थांबवण्याचं लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. पंचांच्या चिटणीसांना दोन ओळींचं पत्र द्या: अमुक तारखेपासून रक्कम आणि नाव लिहिलेलं असल्याशिवाय मी सही करणार नाही. त्यावरही पोच घ्या. कारण लिहू नका, कुणाचं नाव घालू नका. हे झाल्यावरच बोलायला जा. कोरी सही दुसऱ्याच्या खिशात असताना तुम्ही संदेष्ट्याच्या आवेशात उभे राहिलात तर तो माणूस फक्त चेकबुक उघडून दाखवेल.

चार्ट लिहितो तसं लिहा

नर्सिंगला गेल्यावर पहिल्याच वर्षी शिकवतात: चार्टवर "पेशंट भांडखोर आहे" असं लिहायचं नाही. "रात्री २ वाजता सलाईन काढून टाकलं, डॉक्टरांना कळवलं" असं लिहायचं. मंडळीतही तेच. शंभर पानी वही घ्या. तारीख, काय झालं, कोण हजर होतं, कोणता कागद आहे. "काका हुकूमशहा आहेत" ही नोंद नव्हे. "सभेची सूचना चार घरांना मिळाली नाही" ही नोंद. १ तीमथ्य ५:१९ सांगतं की दोन-तीन साक्षीदार असल्याशिवाय वडिलावरचा आरोप ऐकूच नये. हा नियम वडिलाला वाचवतो तसा तुम्हालाही वाचवतो. अर्ध्या तक्रारी वहीत उतरवतानाच गळून पडतात. माझ्या तरी पडल्या. दोन तर निव्वळ माझ्या रागाच्या होत्या.

मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर यातलं काही टाकू नका. रात्री अकरानंतर तर मुळीच नको.

मंडळीचा ट्रस्ट नोंदलेला असेल तर १९५० च्या सार्वजनिक ट्रस्ट कायद्याखाली हिशेब ऑडिट व्हावाच लागतो. मागायला लाजायचं कारण नाही.

मूर्ती ओळखायची कशी

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. दांडिया बाजारातला किंवा आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातला गणपती हा माझा विषय नाही. शेजारीण मला मोदक आणून देते, मी तिला नाताळच्या करंज्या देते, आमचं छान चाललंय. एलीया संदेष्ट्याने कर्मेल डोंगरावर आपल्याच लोकांना विचारलं की दोन मतांमध्ये किती दिवस लंगडणार, आणि अग्नी मागण्याआधी आपल्याच देवाची मोडलेली वेदी बारा धोंड्यांनी दुरुस्त केली. आपल्या मूर्ती आपल्या हॉलमध्ये शोधायच्या.

आमच्या हॉलमध्ये एक खुर्ची होती. मंडळी सुरू करणारे पाळकसाहेब तिच्यावर बसत. सागवानी, हातांवरचं पॉलिश घासून पांढरं झालेलं, वर लाल मखमलीची उशी. ते गेल्यावर खुर्ची वेदीशेजारी तशीच राहिली, दोन हातांमध्ये सुतळी बांधून. आधी कुणी बसू नये म्हणून. मग लोक तिच्यासमोरून जाताना मान वाकवू लागले. मग काका सभेत खुर्चीकडे बोट करून म्हणू लागले, "ते असते तर त्यांना हे आवडलं नसतं." पाळकसाहेब मी पाहिले होते, मोठे हसरे गृहस्थ. त्यांना काय आवडलं असतं ते काकांनाच कसं कळायचं, कोण जाणे.

गणनाच्या एकविसाव्या अध्यायातला पितळी सर्प आठवा. देवाच्याच आज्ञेने मोशेने केलेला, त्याच्याकडे पाहून साप चावलेली माणसं जगली. शेकडो वर्षांनी लोक त्याच्यापुढे धूप जाळत होते आणि हिज्कीया राजाने तो फोडला, २ राजे १८:४. वाईट वस्तूची मूर्ती करणं अवघड असतं. चांगल्या वस्तूची सहज होते. पाळकाची, देणगीदाराच्या संगमरवरी पाटीची, एखाद्या गायकगटाचीसुद्धा.

ओळखायची युक्ती सांगते. ती वस्तू हलवायची आहे, एवढंच म्हणून बघा. "साफसफाईसाठी खुर्ची जरा मागे घेऊ या का?" मग ऐका. कोण चिडतं, आणि मुख्य म्हणजे कुणाच्या नावाने चिडतं. तिथे मोहोर सापडते.

"प्रभूने मला दाखवलं" असं कुणी म्हणालं तर

ते उडवूनही लावू नका, लगेच मानूही नका. १ थेस्सल ५ मध्ये दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी आहेत: संदेश तुच्छ मानू नका, आणि सगळ्याची पारख करा. १ करिंथ १४:२९ म्हणतं, दोघा-तिघांनी संदेश द्यावा आणि इतरांनी निर्णय करावा. म्हणजे संदेश देणारा आणि तो तोलणारा एकच माणूस नको. आमच्याकडे आता अशी रीत आहे: ज्याला दर्शन झालं त्याने ते कागदावर लिहून खाली सही करायची, आणि निर्णय पुढच्या सभेत. प्रभूचं वचन आठवडाभर थांबल्याने शिळं होत नाही. ही रीत आल्यापासून दर्शनं बरीच कमी झाली, हेही सांगून ठेवते. सांगणाऱ्याचाच फायदा होणारं दर्शन असेल तर दोन आठवडे थांबा. आणि बहुमताने दिपून जाऊ नका. अहाबापुढे चारशे संदेष्टे एका सुरात बोलत होते आणि खरा होता तो एकटा मीखाया.

समोर जाऊन बोलणं

मत्तय १८:१५ सांगतं, आधी एकांतात जा. जा. पण एक अपवाद मी शाईने अधोरेखित करते: लहान मुलाला कुणी हात लावला असेल तर मत्तय १८ च्या पायऱ्या मोजत बसू नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ज्याला कळलं त्याला पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चाइल्डलाइनचा नंबर १०९८. "मंडळीची बदनामी होईल" असं म्हणणारा माणूस दिसला की समजा, उपास जाहीर झालाय.

बाकीच्या गोष्टींसाठी बोलायची तीन वाक्यं कागदावर लिहून न्या. नाथान संदेष्ट्याने चुकलेल्या दावीद राजाला गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगितली आणि निकाल दावीदाच्याच तोंडून काढून घेतला, कारण समोरच्याला मन होतं. अंत्युखियात प्रेषित पेत्र सगळ्यांदेखत परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीतून उठला, म्हणून पौलही त्याला सगळ्यांसमोरच बोलला. खाजगी चुकीला खाजगी, उघड्या चुकीला उघड.

मी काकांकडे मे महिन्यातल्या एका दुपारी गेले. काकूंनी सरबत दिलं. मी म्हटलं, "काका, माझ्या सहीचे उरलेले चेक मी बँकेत थांबवलेत. आणि त्या मुलाचं मानधन थांबवायला माझी संमती नव्हती."

ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. "सिस्टर, एवढी वर्षं मी मंडळीसाठी रक्त आटवलं. तुम्हाला माझ्यावर विश्वास नाही?"

तिसरं वाक्य होतं, "पुढच्या सभेत दोन्ही गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्याव्यात." ते मी विसरले. कागद पर्समध्ये होता, पर्स काढायचं धाडस झालं नाही. "विश्वास आहे, काका," एवढं म्हणाले आणि रडले. रिक्षात बसल्यावर वाक्य आठवलं. दुसऱ्या दिवशी पत्राने पाठवलं. त्यामुळे सांगते, बोलताना फजिती झाली तरी पत्र पाठवता येतं.

त्यानंतर

पुढच्या सभेत मला "विश्रांती" देण्यात आली. आभाराचा ठरावही झाला. ३ योहानातला दियत्रफेस, ज्याला पहिला मान हवा असे, तो लोकांना मंडळीबाहेर घालवायचा. मला फक्त पुढच्या बाकावरून तिसऱ्यावर यावं लागलं. स्वस्तात सुटले. पण दोन महिने झोप लागली नाही. एलीया तर कर्मेलनंतर झुडपाखाली पडून मरण मागत होता, आणि देवदूताने उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून परत भाकर दिली. माझी बहीण नगरहून आली आणि पंधरा दिवस तिने मला फक्त जेवायला घातलं. अशी एक व्यक्ती आधीच बघून ठेवा.

बाहेर पडायचं की आत राहायचं, हे मला सरसकट सांगता येत नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा स्वतःचा संघ मांडला. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. उलट ओबद्या अहाबाच्याच वाड्यात कारभारी राहिला आणि पन्नास-पन्नास करून शंभर संदेष्टे गुहांत लपवून त्यांना पोसलं. मी ओबद्याच्या जातीची. राहिले. त्या तरुणाचं मानधन आम्ही तीन घरांनी मिळून, पावती देऊन, आठ महिने चालवलं. नंतर एकेक जण चपलांपाशी येऊन हळूच विचारू लागला, "सिस्टर, ती वही आहे ना अजून?"

आता हिशेब एप्रिलमध्ये मोठ्याने वाचला जातो. कपाटाच्या किल्ल्या तीन घरांत आहेत. काका अजून येतात, पहिल्या बाकावर बसतात, प्रार्थना अजूनही सुंदर करतात. गेल्या नाताळाआधी रंगारी आला तेव्हा खुर्ची व्हरांड्यात काढली. सुतळी कुणी कापली ते विचारू नका. रंग वाळल्यावर ती दाराजवळ ठेवली गेली आणि उशी कुणीतरी धुवायला नेली ती अजून आलेली नाही. परवा गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एक आजी तिच्यावर बसून चपला घालत होत्या. काका मागून आले, थांबले, आणि आजींची काठी खाली पडली होती ती उचलून त्यांच्या हातात दिली.