छाटणीच्या दिवसांत उंदरांचं आमिष आणि राखणीचं कुत्रं

द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी लागली की नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडे उंदरांचा बंदोबस्तही निघतो. कांदाचाळीच्या कडेला, मक्याच्या गंजीखाली विष कालवलेला तेलातला भरडा टाकतात आणि राखणीचं कुत्रं तोच खातं. कुत्री दगावतात ती एका हयगयीने: आमिष उघड्यावर, पाकीट उकिरड्यावर. डॉक्टर आधी विचारतात, काय खाल्लं? तिथेच सगळे गप्प होतात.

झिंक फॉस्फाइड या उंदीरनाशकाची शिफारस वजनाने अशी: ९६ भाग भरड धान्य, २ भाग गोडेतेल, २ भाग औषध. दर बिळाला साधारण १० ग्रॅम, तेही आत खोल सारून तोंड चिखलाने बुजवायचं. बांधावर चिमूटभरही सांडू देऊ नका. पाकीट घरात, मुलांच्या हाती लागणार नाही असं, लेबलासकट ठेवा.

कुत्र्याने खाल्लंच तर वेळ आणि अंदाजे किती खाल्लं ते लिहा, लेबलाचा फोटो काढा, १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनला किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन लावा. भाकरी, दूध, तूप काही देऊ नका. पोटात अन्न गेलं की आम्ल सुटतं आणि झिंक फॉस्फाइडमधून फॉस्फीन हा विषारी वायू जास्त निघतो. उलटीला लसूण किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो. तो हुंगायला जाऊ नका, वायू माणसालाही बाधतो. जनावर मोकळ्या हवेत ठेवा, गाडीच्या काचा उघड्या ठेवा.

मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं बंद करा, मिठानेच कुत्रं मरू शकतं. झटके येत असतील किंवा शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीच ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

ब्रोमॅडिओलोन या रक्त गोठू न देणाऱ्या उंदीरनाशकाच्या वडीने कुत्रं ३ ते ५ दिवस धडधाकट दिसतं, मग नाका-हिरड्यांतून रक्त येतं. बरं दिसतंय म्हणून थांबू नका. व्हिटॅमिन के१ वेळेवर सुरू झालं तर वाचतं, पण ते काही आठवडे द्यावं लागतं.

लाळ, बाहुल्या बारीक, थरथर, जुलाब: बहुतेक फवारणीचं कीटकनाशक. अंगावर उडालं असेल तर हातमोजे घालून साबणाने धुवा. त्यावरचं औषध अॅट्रोपिन डॉक्टरच देतील. दुकानदार ‘विष उतरवणारं’ म्हणून महागडी बाटली गळ्यात मारतो, तिच्यात पैसा आणि वेळ दोन्ही जातात.

बाकी कामं:
- फवारणीची उरलेली बादली झाकणे
- छाटणीनंतर वेलीच्या डोळ्यांना (फुटव्यांना) लावायच्या पेस्टचा डबा, ब्रश उचलणे
- रिकाम्या बाटल्या तीनदा विसळून भोकं पाडणे
- द्राक्षं, बेदाणे, कांदा कुत्र्यापासून दूर ठेवणे (द्राक्षाने मूत्रपिंड जातं, कांद्याने रक्तपेशी फुटतात)

आमचा अंदाज असा की कुत्रं आमिषापर्यंत जातं ते भल्या पहाटे, उपाशीपोटी. म्हणून आमिष टाकाल त्या रात्री त्याला पोटभर खाऊ घालून बांधून ठेवा. सकाळी सोडण्याआधी मेलेले उंदीर वेचून खोल पुरा, कारण ते खाऊनही विष चढतं.