उशीर झाला तर काय बुडेल, ते सहीआधीच लिहा

करार मोडला की भरपाई मिळते, पण झालेल्या प्रत्येक नुकसानाची नाही. १८५४ च्या ‘हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल’ या इंग्लंडमधल्या खटल्यात गिरणीच्या यंत्राचा मोडलेला दांडा, नवा बनवण्यासाठी नमुना म्हणून, कारखान्यात पोहोचवायला वाहतूकदाराने उशीर केला. तोवर गिरणी बंद. मालकांनी बुडालेला नफा मागितला, तो नामंजूर झाला. एका दांड्यावाचून सगळं ठप्प पडेल, हे वाहतूकदाराला कळण्यासारखं नव्हतं. (जादा दांडा असेलच, असं कुणीही धरून चाललं असतं.) पुढे अनेक देशांनी हेच तत्त्व उचललं.

म्हणून करारातच एक ओळ घाला: ‘माल १० तारखेला न आल्यास आमचं पुढचं काम थांबेल आणि त्याचा तोटा होईल.’ सहीनंतर पाठवलेल्या ईमेलचा इथे फारसा उपयोग नाही. कसोटी लागते ती करार करतानाच्या माहितीची.

समोरच्याने हात वर केलेच, तर बसून राहू नका. दुसरीकडून माल घ्या, पावत्या जपा. टाळता आला असता असा तोटा सहसा भरून मिळत नाही. आणि उशिरा आलेला माल घेताना पोचपावतीवर ‘भरपाईचा हक्क राखून’ एवढं लिहाच.