घटस्फोट आणि दोघांच्या नावावरचा फ्लॅट: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

परस्पर संमतीने वेगळं व्हायचं ठरलंय, हे धरून चालते. कागद गोळा करा वगैरे सांगत बसत नाही. एक गैरसमज मात्र आधी डोक्यातून काढा. हिंदू विवाह कायद्यात ‘लग्नानंतर कमावलेलं सगळं अर्धं-अर्धं’ असा नियम कुठेही नाही. तो आहे गोव्यात, पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे, आणि तिथेही लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तरच. महाराष्ट्रात मुळात कागदावर नाव कोणाचं ते बघतात. बाकीचं पोटगीतून आणि वाटाघाटीतून मिळवावं लागतं.

स्त्रीधन वाटणीत धरायचंच नाही. सासरहून मिळालेले दागिनेसुद्धा तिचेच. यादी करा, परत करा, पोच घ्या.

जॉइंट खातं आजच्या आज ‘दोघांच्या सहीने’ करून घ्या. नंतर बंद करा. लॉकरही तसाच. पीपीएफ, पीएफ दुसऱ्याच्या नावावर होत नाही, म्हणून त्यांची रक्कम हिशेबात धरा आणि फरक चेकने द्या.

आता फ्लॅट. इथे मीही सुरुवातीला चांगलीच अडखळले, कारण मावशीपासून वकिलापर्यंत सगळे कन्सेंट टर्म्सबद्दल, म्हणजे कोर्टात द्यायच्या आपसातल्या अटींच्या कागदाबद्दल, एकच सांगतात: “कन्सेंट टर्म्समध्ये लिहा, हप्ते तो भरेल, विषय संपला.” संपत नाही. कर्जाचा करार बँकेशी आहे आणि त्यावर दोघांच्या सह्या आहेत. तुम्ही कोर्टात आपसात काय कबूल केलंत, याने बँक बांधली जात नाही. त्याने हप्ते थकवले की नोटीस तुम्हालाही येते आणि सिबिल तुमचंही घसरतं. त्याने हप्ते नीट भरले तरी त्रास आहेच. उद्या स्वतःसाठी घर घ्यायला गेलात की हे जुनं कर्ज तुमच्या नावावर दिसतं आणि नवं कर्ज तेवढं कमी मिळतं.

म्हणून कोर्टाच्या आधी बँक. घर ठेवणाऱ्याने एकट्याच्या पगारावर कर्ज मंजूर करून आणायचं. मंजुरीपत्र हातात येईपर्यंत कन्सेंट टर्म्सवर सही करायची नाही. यात मी कोणाचं ऐकत नाही. “बँकेचं नंतर बघू” म्हणणाऱ्याचं नंतर कधी उजाडत नाही. तुमची बँक सहकर्जदाराचं नाव काढायला तयार नसेल तर कर्ज दुसऱ्या बँकेत न्या; बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेने २०१२ पासून बँकांना मनाई केली आहे. एकट्याच्या पगारावर कर्ज बसतच नसेल तर फ्लॅट विका. मुलांची शाळा जवळ आहे, पडदे नुकतेच बदललेत, हे बँक मोजत नाही.

हिशेब किमतीवर नाही, कर्ज वजा जाऊन उरलेल्या रकमेवर करा. समजा फ्लॅट ९० लाखांचा, कर्ज बाकी ४० लाख. वाटायचे ५० लाख, हिस्सा निम्मा असेल तर बाहेर पडणाऱ्याचे २५. ‘मी इतके हप्ते भरले, तू इतके’ या वहीत शिरलात की घरखर्च कोणी चालवला, मूल कोणी सांभाळलं, हेही मांडावं लागतं आणि दोन वर्षं जातात.

मग दस्त. “बक्षीसपत्र करा, स्टॅम्प वाचतो” हा सल्ला अर्धवट आहे. पती-पत्नीमध्ये राहतं घर बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं, हे खरं. पण बक्षीस म्हणजे मोबदला न घेता दिलेलं. वर २५ लाख घेणार असाल तर ते बक्षीस नव्हे, आणि तसं दाखवणं पुढे अंगाशी येतं. पैसे घेणार असाल तर हक्कसोडपत्र करा, त्यात रक्कम लिहा आणि आपल्या हिश्श्यावरचं शुल्क भरा. वडिलोपार्जित मालमत्तेच्या हक्कसोडपत्राला मिळणारी शुल्काची सवलत इथे लागू नाही. खरोखर काही न घेता हिस्सा देत असाल तर बक्षीसपत्र हुकूमनाम्याच्या, म्हणजे कोर्टाच्या घटस्फोटाच्या अंतिम आदेशाच्या, आधी नोंदवा. नंतर कायद्याने तुम्ही पती-पत्नी नसता. बँकेची ना हरकत दोन्हीत लागते.

पैसे टप्प्याने द्या. याचिका दाखल झाली तरी हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. याचिकेनंतर थांबायचे मधले सहा महिने सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर कोर्ट योग्य प्रकरणात माफ करतं, पण त्यावर हिशेब बांधू नका. थोडी रक्कम दाखल करताना द्या. उरलेल्याचा डिमांड ड्राफ्ट, दस्ताची नोंदणी आणि शेवटची तारीख शक्य तितक्या जवळ ठेवा. सगळे पैसे आधी देणारा आणि सही आधी करून मोकळी होणारी, दोघंही नंतर माझ्याकडे येतात.

इंडेक्स टू, म्हणजे दस्त नोंदल्याचा उतारा, घ्या, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट बदला, मालमत्ता कर आणि वीजबिलावरचं नाव बदला.

पीएफ, बँक, डीमॅट सगळीकडचं नॉमिनेशन आणि मृत्युपत्र त्याच आठवड्यात बदला. घटस्फोट झाला म्हणून ते आपोआप बदलत नाही. नवऱ्याने १८७४ च्या विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली बायकोच्या नावाने काढलेली विमा पॉलिसी मात्र त्याला परत आपल्याकडे वळवता येत नाही. अशी पॉलिसी असेल तर तिचे हप्ते पुढे कोण भरणार, हे कन्सेंट टर्म्समध्ये वेगळ्या कलमात लिहून घ्या.