वर्गात सरपटणारा प्राणी पाळायचाय? आधी खोली निवडा

‘बेन, एने कंई ना जोइए.’ म्हणजे ताई, याला काही लागत नाही. बडोद्यातल्या एका मत्स्यालयाच्या दुकानात या वाक्यासकट मी पहिलं कासव घेतलं. पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा जरासं मोठं, डोळ्यामागे लाल पट्टा. आज ते थाळीएवढं आहे आणि शाळेत नाही, माझ्या गच्चीवर पाण्याच्या कापलेल्या टाकीत आहे. दर तिसऱ्या दिवशी टाकी उपसताना मी त्या दुकानदाराची आठवण काढते.

तेव्हापासून शाळेत निरनिराळे प्राणी सांभाळले, चार-पाच शाळांना निवडून दिले. मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांची सभा तुम्ही उरकली आहे असं धरून चालते.

कायद्याची चाळणी

ही सोपी आहे. जे आपल्या रानात, शेतात, नदीत सापडतं ते वर्गात नको. चांदणी कासव, घोरपड, मांडूळ, धामण, सगळ्यांवर काट. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी ठेवला तर ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. चांदणी कासव आणि घोरपड त्याच अनुसूचीत येतात. ‘शेतात सापडलं’ म्हणून एखादा पालक कासव घेऊन येतोच. लगेच वनखात्याला कळवा, मुलांना हाताळायला देऊ नका.

परदेशी जात म्हणजे मोकळं रान, असंही नाही. कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. सायटीस, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीतला परदेशी प्राणी बाळगणाऱ्याला आता केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. ठरवलेली जात या यादीत आहे का, ते वनखात्याच्या कचेरीत आधी विचारा. विक्रेता पावती आणि प्राणी कुठे जन्मला ते लिहून देत नसेल तर दुकानातून उठा.

मोठा झाल्यावर केवढा?

लाल पट्ट्याच्या कासवाची मादी फूटभर होते आणि वीस-तीस वर्षं जगते. हिरवा इग्वाना दीड मीटरच्या पुढे जातो. दोन्ही बाद. माझं कासव मोठं झाल्यावर मुलांनी एकमताने ठराव केला होता की त्याला सुरसागर तलावात सोडून यावं. अजिबात नाही. जगातल्या सर्वांत उपद्रवी आगंतुक प्राण्यांमध्ये त्याची गणना होते. आणि लहान कासवं निरुपद्रवी असतात असंही समजू नका. त्यांच्यामुळे मुलांना साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूची लागण व्हायची, म्हणून अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान पाठीच्या कासवांची विक्रीच बंद केली. प्राणी कुठलाही असो, हात लावला की साबणाने धुवायचे. पाच वर्षांखालच्या बालवाडीत तर ठेवूच नका.

खोली

इथे मी तोंडघशी पडले. लोक आधी प्राणी ठरवतात, मग टाकी आणतात आणि शेवटी ती कुठल्या बाकावर मावते ते बघतात. नेमकं उलट करा. या प्राण्यांच्या अंगात स्वतःची ऊब नसते. टाकीच्या एका टोकाला ऊन, दुसऱ्या टोकाला सावली हवी आणि त्यांनी मधे ये-जा करून आपलं तापमान सांभाळायचं. खोलीच चाळीसवर गेली तर सावलीचं टोक उरत नाही. त्यांना घाम येत नाही, पळायला जागा नसते. आणि बडोद्याचा मे महिना मी कोणाला सांगायला नको.

माझी चूक मात्र थंडीतली. पहिला दाढीवाला सरडा, म्हणजे बिअर्डेड ड्रॅगन, आणला तेव्हा दिवा, थर्मोस्टॅट, टायमर, सगळं नीट लावलं होतं. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुपारी मुलांनी त्याला भरपूर रातकिडे खाऊ घातले आणि आम्ही सगळे पतंगांच्या मागे लागलो. शिपाईकाकांनी नेहमीप्रमाणे मेन स्विच खाली केला. त्यांची काय चूक? गेली वीस वर्षं ते तेच करत होते, मीच त्यांच्याशी बोलले नव्हते. संक्रांतीनंतरचा वासी उत्तरायणाचा दिवस झाल्यावर सोळा तारखेला सकाळी वर्ग उघडला तर सरडा टाकीच्या कोपऱ्यात चपटा होऊन पडलेला, हनुवटीखालची दाढी काळी ठिक्कर. शेजारी न पचलेले रातकिडे ओकलेले होते. अंग गार पडलं की यांचं पचन थांबतं आणि पोटातलं अन्न कुजायला लागतं. तो वाचला, पण आठ दिवस त्याने अन्नाला तोंड लावलं नाही. मीही फारसं जेवले नाही.

म्हणून आता माझा नियम असा आहे. प्राणी घेण्याआधी कमाल-किमान दाखवणारा डिजिटल तापमापक आणा, चार-पाचशेत येतो. रिकामी टाकी ठरलेल्या जागी ठेवा, त्यात तापमापक टाका आणि शनिवारी दुपारी वर्गाला कुलूप लावा. सोमवारी आत शिरल्यावर दुसरं काही करण्याआधी आकडे बघा. हे एकदा एप्रिलच्या शेवटी करा, एकदा जानेवारीत. हो, म्हणजे आठ-नऊ महिने थांबा. मुलं कुरकुर करतील, करू द्या. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात, थेट स्लॅबखाली, एप्रिलमध्ये ४१ आलं. तळमजल्यावरच्या उत्तरेकडच्या प्रयोगशाळेत ३५. त्याच शाळेत, त्याच दिवशी. विषय संपला.

विजेचं उत्तरही साधं निघालं. सीसीटीव्हीची लाइन रात्री कोणी बंद करत नाही. तिच्यावर एक वेगळा सॉकेट काढून घ्या, इलेक्ट्रिशियनकडूनच, आणि त्यावर गुजराती-मराठी दोन्हीत ‘बंद करू नये’ लिहा. मग शिपाईकाकांना सरडा हातात द्या. त्या दिवसापासून राखण तेच करतात.

एक सल्ला तुम्हाला हमखास मिळेल, ‘खिडकीत ठेवा, आयतं ऊन मिळतं’. काचेतून ऊब येते, पण हाडांसाठी लागणारे अतिनील-ब किरण काच अडवते. म्हणजे सरडा भाजून निघतो आणि तरी हाडं मऊ पडतात. त्या किरणांची ट्यूब वेगळीच लागते. ती वर्षभरात बदलायची, पेटत असली तरीही, कारण उजेड राहतो आणि किरण कमी होतात.

आता प्राणी

आकडे हातात आले की निवड आपोआप होते. क्रेस्टेड गेको फळांच्या तयार पावडरीवर राहतो, किडे घालायची सक्ती नाही. जैन मुलं असलेल्या वर्गाला तो फार सोयीचा वाटतो. पण २८ अंशांच्या वर त्याला सोसत नाही, म्हणजे बडोद्यात एसीशिवाय नाव काढू नका. लेपर्ड गेको काटक, लहान, गोड. पण दिवसा झोपतो. शाळेच्या वेळात मुलांना दिसतो एक दगड. शिवाय त्याचे भाऊबंद आपल्याच रानात आहेत, त्यामुळे पकडून आणलेला गळ्यात मारला जाण्याची भीती. बॉल पायथनला उंदीर लागतात. पालकसभेत हे वाक्य एकदा उच्चारून बघा.

उरतो दाढीवाला सरडा. मूळ ऑस्ट्रेलियाचा, दिवसा जागा, उन्हाचं टोक ४० अंशांचं मागणारा आणि रात्री विशीच्या आसपास चालवून घेणारा. दीड-दोन फूट लांबी, दहा-बारा वर्षं आयुष्य. पूर्ण वाढलेल्याला चार फुटी टाकी द्या. लहानपणी किडे जास्त लागतात, मोठेपणी बहुतेक भाजीपाला: लाल भोपळा, कोथिंबीर, जास्वंदीची पानं-फुलं. पालकाची भाजी सारखी देऊ नका, तिने कॅल्शियम अडतं. काजवा चुकूनही नको, एकानेही जीव जातो. किडे अजिबात जमणार नसतील तर हाही घेऊ नका. कामाटी बागेतल्या प्राणिसंग्रहालयात सहल काढा.

दुकानात तो खाताना बघा. डोळे उघडे, शेपटीच्या मुळाशी हाडं वर आलेली नसावीत, बोटं पूर्ण. सरपटणारे प्राणी तपासणारा डॉक्टर गावात कोण, ते पैसे देण्याआधी फोनवर विचारून ठेवा.

सुट्ट्या

उन्हाळी सुट्टी पाच आठवड्यांची आणि दिवाळीची तीन. दोन घरांची नावं कागदावर घ्या, मुलांच्या नव्हे, आईवडिलांच्या सह्यांनी. दुसरं घर राखीव, कारण पहिलं घर मे महिन्यात हमखास कोकणात लग्नाला जातं. नेताना सरडा वेगळ्या कापडी पिशवीत, मांडीवर, सकाळी नऊच्या आत. टाकी रिक्षातून मागून येऊ द्या.