ग्रामीण ले-आउटची छाननी : खुंट्या ठोकण्याआधी या चुका टाळा

शेतजमिनीवर घरांचे प्लॉट पाडायचे म्हटले की बहुतेकांची सुरुवात चुन्याच्या पोत्यापासून होते. रविवारी सकाळी चार माणसे टेप घेऊन शेतात जातात, संध्याकाळपर्यंत खुंट्या ठोकून आणि रेषा मारून होतात आणि सोमवारी तो आराखडा "फक्त मंजूर करून द्या" असे म्हणत माझ्या टेबलावर येतो. अभिन्यास, म्हणजे प्लॉट-रस्त्यांचा ले-आउट, तयार करणे आणि तो नगर रचना कार्यालयाच्या छाननीतून पार करून आणणे हे माझे वीस वर्षांचे काम आहे. या काळात नियम बरेच बदलले. डिसेंबर २०२० मध्ये मुंबईसारखे काही अपवाद सोडून राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली, जमीन महसूल संहितेत नवी कलमे आली, नकाशे ट्रेसिंगच्या कागदावरून संगणकावर गेले. प्रकरणे परत येण्याची कारणे मात्र जवळजवळ तीच राहिली आहेत, आणि त्यांतली दोन तर इतक्या वेळा पाहिली आहेत की आता अर्जदाराने तोंड उघडण्याआधीच मला त्यांचा वास येतो.

वहिवाटीची वाट म्हणजे पोचरस्ता, असे समजणे

ही माझ्या मते सर्वांत महागडी चूक आहे, आणि ती एकदा मी स्वतःही केली आहे. २०२१ च्या पावसाळ्यात तीन भाऊ एक हेक्टर साठ आर जमिनीचे काम घेऊन आले. चौतीस प्लॉट, मधोमध रस्ता, कोपऱ्यात मंदिरासाठी जागा, असा कच्चा आराखडा त्यांनी आधीच केला होता. फलक लागला होता, सात जणांकडून इसार घेतला होता आणि त्या इसारातून बोअरही मारून झाले होते. चिखलामुळे गाडी आत जात नव्हती, म्हणून मी फाट्यावर उभे राहूनच जमीन पाहिली, त्यांनी बोटाने दाखवलेली वाट नकाशावर 'अस्तित्वातील रस्ता' म्हणून काढली आणि प्रकरण दाखल केले. अर्जदाराच्या घाईला आपण बळी पडलो, हे मला तेव्हा कळायला हवे होते.

स्थळपाहणीला आलेले अधिकारी प्लॉटांकडे गेलेच नाहीत. ते फाट्यावरच थांबले आणि त्यांनी विचारले, "ही वाट कुणाच्या गटातून येते?"

"साहेब, भावकीतलीच आहे. आमच्या आजोबांची बैलगाडी इथूनच जायची," थोरले भाऊ म्हणाले.

"बैलगाडीचे ठीक आहे. उद्या इथे चौतीस घरे होतील. आग लागली तर बंब कुठून आणणार?"

वाट चुलतभावाच्या गटातून सुमारे १४० मीटर येत होती. गाव नकाशावर ती एका तुटक रेषेने दाखवलेली होती, म्हणजे पायमार्ग, आणि पायमार्गाची धरली जाणारी रुंदी सव्वाआठ फूट आहे. तुटक दुबार रेषेचा गाडीमार्ग असता, तरी तो साडेसोळा ते एकवीस फुटांचा. अभिन्यासातल्या लहानातल्या लहान निवासी रस्त्यालाही सर्वसाधारणपणे नऊ मीटर, म्हणजे साडेएकोणतीस फूट रुंदी लागते, हे लक्षात घेतले की गावच्या नकाशावरची बहुतेक कोणतीही वाट वसाहतीचा भार जशीच्या तशी पेलू शकत नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

मग त्या भावांना कुणीतरी तहसीलदारांकडून रस्ता मिळवण्याचा सल्ला दिला. हा सल्ला देणारा माणूस प्रत्येक गावात असतो. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली शेताच्या बांधावरून रस्ता मिळू शकतो, आणि मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली असलेल्या वाटेतला अडथळा दूर करता येतो, हे खरे आहे. परंतु या तरतुदी शेतकऱ्याला आपल्या शेतात जाता यावे, नांगर, खत आणि माल नेता-आणता यावा यासाठी आहेत. त्यांच्या आधाराने मिळालेल्या वाटेवर चौतीस कुटुंबांची वसाहत उभी करता येत नाही, आणि छाननीत तो आदेश जोडणे म्हणजे आपल्याकडे रस्ता नसल्याची कबुली लिहून देणे होय. तरीही त्यांनी चार महिने त्यात घालवले.

अखेर ते चुलतभावाच्या ओसरीवर गेले, तेव्हा मीही सोबत होतो. चुलतभावाने चहा पाजला, सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हटले, "दादा, शेताला वाट दिली ती दिली. प्लॉटांना कुठे दिली होती?" त्याचे चुकले असे मला तेव्हाही वाटले नाही. नऊ मीटर रुंद आणि १४० मीटर लांब पट्टा म्हणजे १२६० चौरस मीटर, जवळजवळ साडेबारा गुंठे होतात. कोणी आपली साडेबारा गुंठे जमीन नात्याखातर का सोडावी? शेवटी तोच सहअर्जदार झाला, रस्त्याचा पट्टा अभिन्यासात आला आणि मोबदल्यात त्याला दोन प्लॉट ठरले. नव्याने मोजणी झाली, नवा नकाशा झाला, चौतीसचे एकतीस प्लॉट उरले, दोन पावसाळे गेले, आणि इसाराचे पैसे परत करण्यासाठी मधल्या भावाने बायकोचे सोने गहाण ठेवले.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. काम स्वीकारण्याआधी मी डांबरी रस्त्यापासून जमिनीपर्यंत गाव नकाशा हातात घेऊन पायी जातो आणि वाट ज्या-ज्या गटातून जाते तो प्रत्येक गट क्रमांक वहीत लिहितो. प्रत्येक गटासमोर नोंदणीकृत दस्त किंवा शासकीय रस्त्याचा पुरावा लिहिता आला, तरच आत कोणते प्लॉट बसतात याची चर्चा मी करतो. बांधावर काम करणाऱ्या शेजाऱ्याला "ही वाट कुणाची?" असे सहज विचारावे, कागदपत्रांतून आठवड्याने कळणारी गोष्ट तो विळा खाली न ठेवता सांगतो.

ओढा मे महिन्यात पाहणे

जमिनीचे व्यवहार उन्हाळ्यात होतात, आणि उन्हाळ्यात ओढा म्हणजे बाभळींची एक रांग असते. खरेदीदार ती रांग पाहतो, सातबारावर पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य क्षेत्र, असे वाचतो आणि "हे थोडे भरून घेऊ" म्हणतो. पोटखराब्याचे दोन वर्ग आहेत. त्यांतला 'ब' हा नाले, रस्ते यांसारख्या सार्वजनिक कामासाठी राखलेल्या क्षेत्राचा असतो. ते क्षेत्र प्लॉटांच्या हिशेबात धरणाऱ्याला छाननीत ते वजा करून मिळते, आणि सोबत तुमच्या इतर सगळ्या आकड्यांकडे संशयाने पाहिले जाते.

पूररेषेबाबतही असाच घोळ होतो. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि या रेषा नद्यांच्या आखणी झालेल्या भागांनाच असतात. गावच्या ओढ्याला अशी रेषा नसते, त्यावरून तेथे पूरही नसतो असा अर्थ लोक काढतात. मी ओढा असलेली जमीन जुलै-ऑगस्टमध्ये मोठा पाऊस होऊन गेल्यानंतर दोन-तीन दिवसांत पाहतो. बाभळीच्या काट्यांत आणि तारेच्या कुंपणात अडकलेल्या वाळक्या गवताचे, कडब्याचे आणि प्लास्टिकच्या चिंध्यांचे पुंजके किती उंचीवर आहेत ते पाहावे. एकदा हे पुंजके माझ्या कमरेच्या वर होते, आणि अर्जदार त्याच जागी उभा राहून मला 'कोपऱ्याच्या प्लॉटला भाव जास्त' असे सांगत होता.

ओढा पाइपमध्ये घालून वर रस्ता काढण्याची कल्पना दर वर्षी कोणीतरी नव्याने शोधून काढतो. वाहून येणारा पालापाचोळा पहिल्याच मोठ्या पावसात पाइपचे तोंड बंद करतो, आणि मग पाणी खालच्या शेतकऱ्याच्या उभ्या पिकात शिरते. त्याची हरकत छाननीतल्या कोणत्याही तांत्रिक त्रुटीपेक्षा जड असते, आणि असायलाच हवी. ओढा आहे तेथे तसाच ठेवावा, दोन्ही काठांना नियमाप्रमाणे अंतर सोडावे आणि जमिनीच्या चढउताराची पातळी घेऊन अंतर्गत रस्ते उताराशी जुळवून काढावेत. हे सगळे कागदावर कमी प्लॉट देते हे मला मान्य आहे.

सांडपाण्याचा प्रश्नही याच घरातला. गावाबाहेरच्या अभिन्यासात भुयारी गटार नसते, म्हणून प्रत्येक प्लॉटवर सेप्टिक टँक आणि शोषखड्डा येतो, आणि नळयोजना पोहोचलेली नसली की प्रत्येक प्लॉटवर बोअरही येते. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर दूर असावा असा संकेत आहे. तीन गुंठ्यांचा चौरस प्लॉट धरला तर त्याची बाजूच साडेसतरा मीटरच्या आसपास भरते. स्वतःच्या प्लॉटमध्ये कोपऱ्यातून कोपऱ्यात अंतर साधले, तरी शेजाऱ्याचा खड्डा तुमच्या बोअरपाशी येतोच. मी अशा ठिकाणी एक सामायिक विहीर किंवा बोअर आणि उताराच्या खालच्या अंगाला सांडपाण्याची सामायिक व्यवस्था काढतो. 'प्रत्येकाला स्वतंत्र बोअर' अशी जाहिरात करणाऱ्यांना हे आवडत नाही.

बाकीच्या चुका

मोजणीआधी नकाशा काढू नये. सातबारावरचे क्षेत्र, भूमी अभिलेखाच्या मोजणीची 'क' प्रत (मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा) आणि जागेवरचे कुंपण या तिघांत एकमत क्वचितच असते, आणि छाननीत कमीत कमी असलेले क्षेत्र धरले जाते. अंदाजावर काढलेला नकाशा मोजणीनंतर मुळापासून पुन्हा काढावा लागतो आणि त्याची फी मी पुन्हा घेतो.

भोगवटादार वर्ग २ (शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), इनाम-वतन, आदिवासी खातेदार, कुळकायद्याच्या अटी, इतर हक्कांतील बोजा यांपैकी काहीही सातबारावर असेल, तर प्रथम ते सोडवावे. त्याआधी आर्किटेक्टकडे येऊ नये.

ग्रामपंचायतीचा ठराव किंवा नाहरकत म्हणजे अभिन्यासाची मंजुरी, आणि नमुना ८ ला झालेली नोंद म्हणजे मालकी, असे समजणारे अजूनही भेटतात. नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आहे.

गावठाणापासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीसाठी जमीन महसूल संहितेत कलम ४२-ड आले, तेव्हापासून 'आता काहीच परवानगी लागत नाही' असा समज पसरला आहे. ती तरतूद निवासी वापरासाठीच्या बिगरशेतीपुरती आहे. रस्ते, मोकळी जागा आणि प्लॉटांची विभागणी तपासली जाणे तिने टळत नाही. शिवाय हे अंतर अभिलेखातल्या गावठाणाच्या हद्दीपासून मोजतात. गेल्या काही वर्षांत गावाबाहेर सरकत गेलेल्या शेवटच्या घरापासून ते मोजायचे नसते.

मोकळी जागा शेवटी काढू नये. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या अभिन्यासात क्षेत्राच्या दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते, आणि बहुतेक नकाशांत ती विजेच्या तारांखालचा पट्टा, जुन्या विहिरीभोवतीचा खड्डा आणि प्लॉट न बसलेला त्रिकोण यांची बेरीज असते. मी रस्त्यानंतर लगेच तीच काढतो, एकसंध आणि शक्यतो मध्यभागी, आणि प्लॉट उरलेल्या जागेत बसवतो.

राज्य मार्ग किंवा जिल्हा मार्गालगतच्या जमिनीत इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा, म्हणजे रस्त्यापासून बांधकाम किती दूर ठेवायचे ते ठरवणाऱ्या रेषा, बांधकाम विभागाकडून लेखी घ्याव्यात. दर्शनी प्लॉटांचा भाव त्यानंतर ठरवावा.

जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि प्लॉट आठपेक्षा अधिक असतील, तर महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, नोंदणीआधी फलक लावू नये आणि इसारही घेऊ नये. वर सांगितलेल्या भावांनी दोन्ही केले होते.

काही जण हे सगळे टाळण्यासाठी एकाच सातबारावर पाच-सहा खरेदीदारांची सामायिक नावे लावतात आणि गुंठ्यांची वाटणी साध्या कागदावर करतात. शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडायला बंदी घालणारा तुकडेबंदी कायदा १९४७ चा आहे, त्यात वेळोवेळी सवलती आल्या आहेत आणि त्या सवलतींनी अनेकांचे व्यवहार नियमित झाले, हे चांगलेच आहे. मात्र सवलतीने व्यवहार नियमित होतो, दहा फुटांचा रस्ता रुंद होत नाही. अशा वस्तीत रुग्णवाहिका शिरत नाही तेव्हा विकणारा गाव सोडून गेलेला असतो, आणि सातबारावरच्या सहा नावांपैकी कोणी रस्त्यासाठी मागे सरायचे यावर उरलेले आयुष्य भांडण चालते.

त्रुटीपत्र आले की बहुतेक अर्जदार चिडतात आणि सर्वांत सोप्या मुद्द्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी देऊन टाकतात. त्यामुळे प्रकरण पुन्हा रांगेत शेवटी जाते आणि महिन्याभराने तेच उरलेले मुद्दे परत येतात. मी सगळे मुद्दे एका कागदावर डाव्या बाजूला लिहितो, उजवीकडे उत्तर आणि जोडलेल्या कागदाचे पान लिहितो, आणि उजवी बाजू पूर्ण भरल्याशिवाय कार्यालयात पाऊल टाकत नाही. हे पाहून 'ओळखीने काम झाले असते' असे म्हणणारे पाहुणे अर्जदाराच्या घरी नेहमीच असतात. ओळखीने फाइल वरच्या टेबलावर लवकर पोहोचते आणि त्रुटींसह लवकर खालीही येते.

मंजुरीचा आदेश हाती आला तरी भूमी अभिलेखाकडून प्लॉटनिहाय मोजणी, हद्दीचे दगड, क्षेत्रातला बदल नोंदवणारे कमी-जास्त पत्रक आणि स्वतंत्र सातबारे होईपर्यंत एकही खरेदीखत करू नये. मी शेवटची भेट त्या दगडांसाठी राखून ठेवतो. मोजणीदारासोबत प्रत्येक कोपऱ्यावर जातो, दगड निम्मा तरी जमिनीत गेला आहे का ते पायाने हलवून पाहतो आणि पहिल्या रविवारी ठोकलेल्या जुन्या लाकडी खुंट्या उपटून गाडीत टाकतो, कारण दोन वर्षांनी कोणीतरी त्याच खुंटीपासून कुंपणाची तार ओढायला सुरुवात करतो.