खड्ड्यात खटखट, गतिरोधकावर चिडीचूप: जुन्या गाडीचे सैल स्टॅबिलायझर लिंक कसे बदलावेत

गाडी वीस-तीसच्या वेगात उखडलेल्या डांबरावरून जाते आणि पुढच्या चाकाजवळून खट खट असा पोकळ आवाज येतो, पत्र्याच्या डब्यात नट हलवावा तसा. गॅरेजमध्ये नेलं की बहुतेक वेळा बोट शॉकअपकडे जातं. माझ्या जुन्या हॅचबॅकचे दोन्ही शॉकअप असेच बदलून झाले आणि आवाज तस्साच राहिला. दोषी निघाले वीत-दीड वीत लांबीचे दोन दांडे, म्हणजेच स्टॅबिलायझर लिंक, ज्यांची किंमत शॉकअपपुढे काहीच नाही. म्हणून आधी निदान, मग पाना.

अँटी-रोल बार किंवा स्टॅबिलायझर बार म्हणजे पुढच्या दोन चाकांमध्ये आडवी बसवलेली, यू आकाराची स्प्रिंग स्टीलची सळई. वळणावर गाडी कलायला लागली की ती पिळली जाते आणि कलणं रोखते. तिची टोकं शॉकअपला, काही गाड्यांत लोअर आर्मला (चाकाला खालून धरणाऱ्या आडव्या भुजेला), ज्या दांड्यांनी जोडलेली असतात ते लिंक. गॅरेजच्या भाषेत 'लिंक रॉड' किंवा 'जंपिंग रॉड'. दांड्याच्या दोन्ही टोकांना छोटा बॉल जॉइंट आणि त्यावर रबरी बूट असतो. बूट चिरला की पावसाळ्यात चिखलपाणी आत शिरतं, ग्रीस संपतं, बॉल आपल्या वाटीत खुळखुळायला लागतो. (मारुती ८०० मध्ये असा वेगळा लिंक शोधत बसू नका. तिथे बारचं टोक रबरी कड्यातून, म्हणजे बुशमधून, थेट लोअर आर्ममध्ये जातं.)

निदानाची गुरुकिल्ली इथेच आहे. गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम उचलली जातात, बार नुसता आपल्या बुशमध्ये फिरतो, लिंकवर जोर येत नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं की बार पिळला जातो आणि सैल लिंक वाजतो. तेव्हा एखादा गतिरोधक आधी सरळ आणि मग तिरका ओलांडून बघा, अर्थात मागेपुढे वाहन नसताना. सरळ जाताना शांत आणि तिरकं जाताना खटखट, तर संशय लिंकवर. दोन्ही वेळा आवाज आला, तर शॉकअप, त्याचं वरचं माउंट किंवा लोअर आर्मचे बुश आधी तपासा.

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा म्हणजे चाकामागे हात जाईल. एकाला गाडी आडवी हलवायला सांगा आणि लिंकच्या टोकाला बोटं लावा. ढिला जॉइंट बोटांना टकटक कळतो. आधी नट मात्र तपासा. कधी कधी जॉइंट धडधाकट असतो आणि फक्त नट सैल झालेला असतो, मग काम दहा मिनिटांचं. पण सैल नटावर गाडी बरेच दिवस चालली असेल तर ब्रॅकेटचं भोक लांबट झालेलं असू शकतं. तसं असेल तर कितीही आवळा, आवाज परत येणार.

आता उघडण्याकडे. गाडी उचलण्याआधी व्हील नट अर्धा फेरा सैल करा. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. गिअरमध्ये ठेवल्याने भागणार नाही, कारण पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तीच चाकं हवेत असणार. जॅकने उचला, जॅक स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालू नका. विटांवर तर नाहीच, वीट क्षणात फुटते.

इथे बरेच जण एक चूक करतात. ते फक्त एकच चाक उचलतात. मग बार पिळलेल्या अवस्थेत राहतो, लिंकवर ताण असतो, जुना नट सुटताना स्टड (बॉलमधून निघालेला आटेदार दांडा, ज्यावर नट बसतो) झटका देतो आणि नवा लिंक भोकात जाता जात नाही. दोन्ही पुढची चाकं सारख्या उंचीवर स्टँडवर घ्या. ते जमत नसेल तर त्या बाजूच्या लोअर आर्मखाली दुसरा जॅक लावून लिंक मोकळा होईपर्यंत हळूहळू वर घ्या.

आदल्या रात्री नटांवर रस्ट स्प्रे मारून ठेवलात तर सकाळी स्वतःचेच आभार मानाल. समुद्राकाठच्या गाड्यांना हे दोन-तीनदा करावं लागतं. स्टडचे उघडे आटे तारेच्या ब्रशने घासा, नाहीतर नट तिथेच अडकतो. आता नट फिरवायला गेलात की त्याच्याबरोबर बॉलही फिरू लागतो. म्हणून स्टडच्या टोकाला अ‍ॅलन की घालायची खाच असते, किंवा बुटामागे पाना धरायला दोन सपाट कडा असतात. तिथे स्टड धरा आणि रिंग पान्याने नट सोडा. खाच गोल झाली तर व्हाइस ग्रिपने मागून पकडा. तेही हरलं तर हॅक्सॉने स्टड कापा, जुना लिंक तसाही भंगारात जाणार. गॅस कटर नको, शेजारीच ब्रेकचा रबरी पाइप आणि एबीएसची वायर असते.

निघालेला लिंक हातात धरून बॉल हलवा. नवा जॉइंट बोटांनी मुश्किलीने हलतो, मेलेला आपल्याच वजनाने लोंबतो. काही जण बुटात सुईने ग्रीस भरून देतात. आवाज थोडे दिवस दबतो, पण झिजलेली वाटी भरून निघत नाही.

नवे लिंक जोडीनेच घ्या. जुन्याशी लांबी आणि स्टडची दिशा ताडून बघा, काही गाड्यांत डावा-उजवा वेगळा असतो. सोबत आलेले नवे लॉक नट वापरा, जुने नकोत. दोन्ही टोकं आधी हाताने बसवा, मग आवळा. किती? गाडीगणिक फार फरक आहे: कुठे ५० न्यूटन-मीटरच्या आसपास, कुठे १००. त्यामुळे आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडाच धरा आणि टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) वापरा. आवळताना बूट पिळला जात नाही ना, तेवढं बघा. लिंकच्या टोकांना बॉलऐवजी रबरी बुश असतील, तर शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर आल्यावर करा.

चाकं चढवा, गाडी खाली घ्या, व्हील नट आवळा आणि त्याच उखडलेल्या रस्त्यावर चक्कर मारा. बारीक घरघर उरली असेल तर बारला चेसिसशी धरून ठेवणारे डी आकाराचे बुश बघा. साधारण शंभर किलोमीटरनंतर नटांवर पुन्हा एकदा पाना लावा. आणि कोणी म्हणालं, लिंक बदललेत तर आता व्हील अलाइनमेंट करावंच लागेल, तर नम्रपणे नको म्हणा. लिंकमुळे चाकाचा कोन बदलत नाही.